घोरण्याचा इतिहास आणि रात्रीचा साक्षीदार

आमच्या घरच्या लोखंडी कपाटात, बाबांच्या सेवापुस्तकाच्या छायाप्रतींसोबत, एक ज्ञापन जपून ठेवलेले आहे. वार्षिक परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षण करीत असताना आपण वर्गात खुर्चीवर झोपलेले आढळलात, ही बाब कर्तव्यात कसूर ठरते, तरी सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अशा आशयाचे. खुलाशात बाबांनी ‘प्रकृती ठीक नव्हती’ एवढेच लिहिले. बाबा गणिताचे शिक्षक. त्यांना मुलांनी ‘कुंभकर्ण’ हे नाव ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते.

इतिहास शिकू लागल्यापासून या कागदाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. कागद खोटा नाही. बाबा खरोखरच झोपले होते. परंतु तो केवळ दिवसाचा कागद आहे. त्याआधीच्या रात्री, आणि त्याआधीच्या हजारो रात्री, काय घडत होते याची नोंद कुठेच नव्हती. आजचा धागा त्या नोंदीविषयी आहे. किल्ले, तह आणि ताम्रपट यांच्या अपेक्षेने येथे येणाऱ्या वाचकांनी क्षमा करावी. स्लीप ॲप्निया नावाच्या विकाराला इतिहास आहे, आणि तो मुख्यतः पुराव्याचा इतिहास आहे.

आधी विकार थोडक्यात. जागेपणी घशातले स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल होतात. काहींच्या घशाची रचना अशी असते की सैलावलेली जीभ, मऊ टाळू आणि भोवतालचा भाग आत ओढला जाऊन वाट बंद होते. शहाळ्यात बुडवलेली कागदी स्ट्रॉ ओली झाली की जोराने ओढताच चपटी होते, तसेच काहीसे. छाती आणि पोट हलतच राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठ्या घरघरीसह श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. तासाला तीस-चाळीस वेळा हे घडले तरी सकाळी त्यातले काही आठवत नाही. आठवते ती जड डोकेदुखी, आणि दिवसभर पापण्यांवर बसलेला दगड.

म्हणजे ज्याच्या बाबतीत घटना घडते तोच तिचा साक्षीदार नसतो. साक्षीदार असतो शेजारी झोपणारा, किंवा बहुधा झोपू न शकणारा.

जुन्या जगात या साक्षीचे काय झाले? काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या तुर्कस्तानात, हेराक्लेया नावाचे ग्रीक नगर होते. इ.स.पू. चौथ्या शतकात तेथे डायोनिसियस नावाचा सत्ताधीश राज्य करीत होता. तो अतिशय स्थूल होता आणि गाढ झोपेत त्याचा श्वास कोंडे, असे अथेनियस या नंतरच्या ग्रीक लेखकाने नोंदवले आहे. वैद्यांनी उपाय काढला तो सुयांचा. लांब, बारीक सुया त्याच्या अंगात टोचल्या जात. चरबीच्या थरात असेपर्यंत त्याला काही जाणवत नसे, पुढच्या जिवंत मांसाला टोक लागले की तो जागा होई. दरबारात ही हसण्याची गोष्ट असणार. मला मात्र रात्रभर दिव्याच्या उजेडात सुया घेऊन बसलेल्या त्या सेवकांचे कुतूहल वाटते. राजाच्या रात्रीची खरी माहिती त्यांना होती, आणि त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाला जडणाऱ्या त्रासांच्या यादीत धाप, तहान, अतिनिद्रा यांच्या जोडीने ‘क्रथन’ असा एक शब्द येतो. झोपेत श्वास अडणे किंवा घोरणे असा त्याचा अर्थ लावला जातो. येथे एक विनंती. हा उल्लेख वाचून ‘आमच्या ऋषींना सगळे ठाऊक होते’ असे संदेश कृपया पुढे पाठवू नयेत. निरीक्षण बारीक आहे, त्याचा आदर करावा. पण लक्षणांच्या यादीतला एक शब्द म्हणजे विकाराचे ज्ञान नव्हे. श्वास अडतो म्हणून दिवसा झोप येते, हा कार्यकारणभाव त्या यादीत नाही. तो सापडायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

मधल्या काळात या विकाराला नाव मिळाले ते एका विनोदी पात्रामुळे. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो निरोप सांगायला जातो आणि उभ्याउभ्याच घोरू लागतो. वाचक हसले आणि हसतच राहिले. त्यानंतर सुमारे १२० वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टनचे सिडनी बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका रुग्णाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापले आणि अतिस्थूलता, अपुरे श्वसन व दिवसाची अनावर झोप या समुच्चयाला नाव दिले, ‘पिकविकियन सिंड्रोम’.

तो रुग्ण ५१ वर्षांचा, व्यवसायात वरच्या पदावर असलेला गृहस्थ होता. आठवड्याच्या पोकरच्या डावात एकदा त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन बादशहा आले. पत्ते खेळणाऱ्यांना सांगायला नको, असा हात वर्षानुवर्षे येत नाही. पण डाव लावायच्या आत त्याला झोप लागली आणि संधी गेली. त्यानंतर काही दिवसांतच तो रुग्णालयात दाखल झाला. वर्षानुवर्षांच्या थकव्याने जे केले नाही ते हातच्या पानांनी केले. हा प्रसंग वाचल्यावर मला त्याच्यावर हसता आले नाही. परीक्षेच्या वर्गातली खुर्ची डोळ्यांपुढे येत राहिली.

बर्वेल आणि मंडळींनी झोपाळूपणाचे खापर रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर फोडले. रुग्णाचा दिवस त्यांनी कसून तपासला. रात्री नेमके काय घडते हा प्रश्न मागेच राहिला.

तो विचारला गेला १९६५ मध्ये, युरोपात, दोन ठिकाणी स्वतंत्रपणे. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो, फ्रान्समध्ये मार्सेय येथे गास्तो, तासिनारी आणि द्यूरों. हे डॉक्टर फुप्फुसांचे नव्हते. ते मेंदूचे अभ्यासक होते आणि झोपेत मेंदूच्या लहरी कशा बदलतात हे पाहत होते. त्यासोबत त्यांनी श्वासाचीही नोंद घेतली. गुंडाळीवरून सरकणाऱ्या लांबलचक कागदावर पेनांच्या रेषा उमटत गेल्या. श्वासाची रेषा सपाट होते, काही सेकंद तशीच राहते, मग मेंदूच्या रेषेत जागेपणाचा झटका दिसतो आणि श्वासाची रेषा पुन्हा उसळते. मार्सेयच्या चमूने वाट घशात अडते हेही ओळखले. मानवाच्या इतिहासात प्रथमच घोरणाऱ्याची रात्र कागदावर आली होती. माझ्या लेखी हे दस्तऐवज एखाद्या बखरीपेक्षा कमी मोलाचे नाहीत.

निदान झाले, पण उपचार भयंकर होता. अडथळा घशात असेल तर त्याच्या खाली छिद्र पाडावे, हा विचार सरळ होता. १९६९ मध्ये जर्मनीतूनच ट्रॅकिओस्टॉमीचा पहिला वृत्तांत आला. गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला भोक पाडून नळी बसवायची. दिवसा ती बंद ठेवायची म्हणजे बोलता येते, रात्री उघडायची म्हणजे झोपता येते. उपाय हमखास लागू पडे, माणसे अक्षरशः पुन्हा जिवंत झाल्यासारखी होत. पण भोक रोज साफ करावे लागे, जंतुसंसर्गाची भीती असे, पोहायला उतरणे बंद, आणि गळ्याला कायमचे रुमाल. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे तीव्र विकाराच्या रुग्णाला देण्याजोगे खात्रीचे दुसरे काही नव्हते.

१९७२ मध्ये इटलीतल्या रिमिनी येथे या विषयावर परिषद झाली, त्यामागे बोलोन्याचे एलियो लुगारेसी होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ख्रिश्चन गिलेमिनो यांनी सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केले आणि मोजमाप घालून दिले. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक अडथळा, आणि सात तासांच्या झोपेत असे ३० अडथळे असतील तर विकार. या नावाने एक मोठे काम केले. कादंबरीतला लठ्ठ पोरगा व्याख्येतून बाहेर पडला. सडपातळ माणसालाही हा विकार असू शकतो, हे आता म्हणता येऊ लागले.

आता सिडनी. कॉलिन सलिव्हन नावाचे तरुण डॉक्टर कॅनडात टोरांटो येथे एलियट फिलिप्सन यांच्यासोबत झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास करून मायदेशी ऑस्ट्रेलियात परतले होते. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र विकाराचा एक रुग्ण आला. त्याला ट्रॅकिओस्टॉमी सुचवली गेली. तो नको म्हणाला. गळ्याला भोक पाडून घेणार नाही. पण तुमचा दुसरा काही प्रयोग असेल तर करून पाहू, अशी त्याची तयारी होती.

वैद्यकाच्या इतिहासात नकार देणाऱ्या रुग्णांना सहसा जागा मिळत नाही. येथे मात्र सगळी गोष्ट त्या नकारावर उभी आहे. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्याची मोटर घेतली. ती हवा ओढण्याऐवजी ढकलेल अशी व्यवस्था केली, नळी जोडली आणि रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून तयार केलेला मास्क नाकावर बसवला. रुग्ण झोपला, श्वास अडू लागला. सलिव्हन यांनी हवेचा दाब हळूहळू वाढवला. एका विशिष्ट दाबाला अडथळे थांबले. दाब कमी केला, अडथळे परत आले. वाढवला, गेले. रुग्ण तासन्‌तास गाढ झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला.

१९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्‌स यांचा छोटासा लेख आला. रुग्ण केवळ पाच. लागलेला दाब ४.५ ते १० सेंटीमीटर पाण्याइतका. हा आकडा मला फार आवडतो. हंड्यातल्या पाण्यात नळी १० सेंटीमीटर खोल बुडवून फुंकली, तर बुडबुडा निघण्यासाठी जेवढा जोर लागतो तेवढाच हा दाब. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका. हवा फुप्फुसांत कोंबली जात नाही. ती घशाच्या भिंतींना आतून टेकू देते आणि श्वास माणूस स्वतःच घेतो. नाकातून सतत राखलेला हा वाढीव दाब म्हणजेच सीपॅप.

व्हॅक्यूम क्लीनरचा येथे आलेला उल्लेख गंमत म्हणून सोडून देऊ नये. १९२८ मध्ये बोस्टनला फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी केलेल्या पहिल्या ‘लोखंडी फुप्फुसा’ला व्हॅक्यूम क्लीनरचे पंप होते. १९३६ मध्ये लंडनचे पोल्टन यांनी फुप्फुसात पाणी झालेल्या हृदयरुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली, तीही व्हॅक्यूम क्लीनरच्याच आधारे. घरातली धूळ ओढण्यासाठी निघालेले यंत्र तीनदा माणसाच्या श्वासाच्या कामी आले. पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरांत ते सहज मिळे, स्वस्त होते, आणि थोड्या दाबाने पुष्कळ हवा हलवणे हे त्याचे मूळचेच काम होते.

सुरुवातीच्या रुग्णांनी हे यंत्र घरी नेले तेव्हा काय झाले, हा भाग इतिहासात थोडक्यात उरकला जातो. खरे तर तोच सर्वांत अवघड होता. प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क घडवला जाई. रोज रात्री तो सिलिकॉनच्या चिकट द्रवाने चेहऱ्यावर चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. मिशीवाल्यांनी काय केले असेल, हे मला कोणत्याही लेखात सापडलेले नाही. मोटरचा आवाज मोठा. तरीही माणसे ते वापरत राहिली. महिनोन्‌महिने रोज रात्री चेहऱ्याला गोंद लावायला जी माणसे तयार होतात, त्यांच्या आधीच्या रात्री कशा गेल्या असतील याचा हिशेब यावरून करावा.

पुढची कथा व्यापाराची, ती लवकर सांगून टाकतो. १९८५ मध्ये अमेरिकेत रेस्पिरॉनिक्सने सीपॅप यंत्र बाजारात आणले. १९८९ मध्ये पीटर फॅरेल यांनी सलिव्हन यांचे तंत्र घेऊन जी कंपनी काढली ती आजची रेसमेड. मास्क मऊ सिलिकॉनचे झाले, पट्टे आले, हवा दमट करणारी पाण्याची टाकी आली, दाब आपोआप कमीजास्त करणारी यंत्रे आली. यंत्र उशाशी मावू लागले. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो यंत्रे परत मागवली. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. आवाज कमी करण्यासाठी बसवलेली वस्तूच धोक्याची ठरली.

आता मोजणीकडे येतो, कारण पुराव्याचा मुद्दा तेथे पुन्हा डोके वर काढतो. १९९३ पर्यंत हा विकार दुर्मीळ मानला जाई आणि तो पुरुषांचा समजला जाई. दवाखान्यांत येणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या कितीतरी पट होते. टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांतून ३० ते ६० वयाचे ६०२ लोक निवडले आणि तक्रार असो वा नसो, त्यांची रात्र नोंदवली. लक्षणांसह विकार ४ टक्के पुरुषांत आणि २ टक्के स्त्रियांत निघाला. दुर्मीळपणा संपला. स्त्री-पुरुषांतली दरीही अर्धीअधिक भरून आली. बायका दवाखान्यात का दिसत नव्हत्या? त्यांच्या नवऱ्यांना जाग येत नव्हती, हे एक संभाव्य उत्तर आहे. घोरणे हे बाईला शोभत नाही, म्हणून ती स्वतः बोलणार नाही, हे दुसरे.

आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे मुंबईकर त्यात होते. झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत आणि लक्षणांसह विकार ७.५ टक्क्यांत आढळला. विस्कॉन्सिनच्या पुरुषांच्या आकड्यापेक्षा हा बराच मोठा आहे. मात्र हा अभ्यास केवळ पुरुषांचा होता. ते त्याच्या शीर्षकातच प्रामाणिकपणे लिहिलेले आहे.

आमच्या घरी हे सगळे पोहोचायला २०२२ उजाडले. त्याआधी कित्येक वर्षे आई डॉक्टरांना सांगत होती, “ह्यांचा श्वास रात्री मधेच बंद पडतो हो. मी मोजलंय.” एका डॉक्टरांनी हसून उत्तर दिले होते, “वहिनी, घोरणाऱ्या नवऱ्याशेजारी झोप कुणाला लागते?” आईने पुन्हा विषय काढला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले. मृत्यूच्या बातम्यांत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे शब्द वारंवार आले आणि दूरचित्रवाणीवर कुणीतरी त्यांचा अर्थ समजावून सांगितला. आई भाजी निवडत होती. ती तशीच उठली आणि बाबांना म्हणाली, “अहो, हे बघा. हेच मी सांगत होते.”

चाचणी घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. अहवालात तासाला ४१ अडथळे, सर्वांत लांब ५८ सेकंदांचा. आईने घड्याळ पाहून मोजलेला सर्वांत लांब श्वास ‘जवळजवळ मिनिटभर’ होता. मौखिक साक्ष आणि लेखी साधन इतके जुळताना मी क्वचित पाहिले आहे.

यंत्र आणले, पण पहिल्या दोन आठवड्यांत बाबांनी ते रोज रात्री दोनच्या सुमारास काढून फेकले. तोंड कोरडे पडे, हवा डोळ्यांत शिरे, नाकाच्या हाडावर लाल वळ उठे. धाकटी चुलत बहीण ‘काका हत्ती झाले’ म्हणाली, त्या रात्री त्यांनी मास्क लावलाच नाही. मग आईने मास्क बदलून आणला, लहान मापाचा. टाकीत घालायला डिस्टिल्ड वॉटरचे कॅन येऊ लागले. नळी रविवारी धुऊन न्हाणीघराच्या दोरीवर वाळत टाकायची, फिल्टरवरची धूळ झटकायची, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालेल अशी जोडणी करायची. गावच्या जत्रेला जाताना यंत्राची वेगळी पिशवी. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाडासोबत गाद्यांवर झोपणे बंद झाले, याचे बाबांना आजही वाईट वाटते. पण दुपारी वर्तमानपत्र हातातून गळून पडायचे थांबले आहे.

यंत्रात एक छोटे कार्ड आहे. त्यावर प्रत्येक रात्र लिहिली जाते: किती तास, किती अडथळे, मास्क किती गळला. बाबा रोज सकाळी आकडा पाहतात आणि गणिताच्या जुन्या वहीत उतरवतात. तासाला ४१ वरून आता ३ किंवा ४.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ती वही सहज चाळली. मागच्या पानांवर आकड्यांचा दुसरा रकाना सुरू झालेला दिसला. हा यंत्राचा नव्हता, बाबांच्या हातचा होता. ‘रात्री २:४०, १२ सेकंद. २:४३, १८ सेकंद. ३:१०, २१ सेकंद.’ मी विचारले, हे काय? बाबांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली घेतला.

“अरे, आता मला रात्री शांत झोप लागते ना, त्यामुळे आवाजाने जाग येते. तुझ्या आईचं आहे ते. तिला अजून सांगितलं नाही. पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे.”